अकरा घरांचं धान

पौष पौर्णिमेच्या सकाळी साडेसातला धोंडबा मेश्राम अंघोळ आटोपून, इस्त्रीच्या शर्टावर मुलानं पाठवलेला स्वेटर चढवून दारात खुर्ची टाकून बसला. बाजूला स्टूल, स्टुलावर सूप आणि सुपात शिगोशीग धान. तांदूळ नव्हे, टरफलासकट धान. पंच्याहत्तरीचा हा माणूस मुलाखतीला आल्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता. पण त्याला भेटायला कोणी साहेब येणार नव्हता. यायची तर गल्लीतली पोरं यायची होती, आणि खरं सांगायचं तर तीही येतील याची त्याला खात्री नव्हती.

त्या दिवशी छत्तीसगडात छेरछेरा असतो. मळणी उरकलेली असते, नवं धान घरात आलेलं असतं, आणि पोरंसोरं पिशव्या घेऊन दारोदार आरोळ्या ठोकत फिरतात. छेरछेरा, म्हणजे बाई, तुझ्या कणगीतलं धान काढ आणि आमच्या पिशवीत घाल. घरधनीण ओंजळ भरून घालते. भिलाईच्या कोहक्यात आता धान पिकवणारं घर औषधालाही सापडत नाही, त्यामुळे कुणी बिस्किटाचा पुडा देतं, कुणी गोळ्या देतं. पण पोरं येतात आणि एकही दार सोडत नाहीत. सोडतात ते फक्त धोंडबाचं.

ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती बायको गेल्यावर. तोवर हा दिवस कमलाचा होता. ती दर वर्षी सूप भरून दाराशी ठेवायची आणि दुपारी उचलायची. धोंडबा कधी ड्यूटीवर, कधी पेपरात तोंड घालून बसलेला. कमला गेली, त्यानंतरच्या पौषात त्याला फळीवर धानाचा डबा सापडला. तेच सूप भरून तो दाराशी बसला, आणि बसल्या बसल्या त्याला उमगलं की हा डबा कधी रिकामा झालेला त्यानं पाहिलाच नव्हता. वर्षानुवर्षं तेच धान सुपात येत होतं आणि सुपातून डब्यात जात होतं. बाईनं एका शब्दानं सांगितलं नाही. आणि यानं विचारलं नाही, हे आणखी वाईट.

त्या दिवशी दुपारपर्यंत कोणी आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. धोंडबानं कारण शोधलं आणि ते त्याला लगेच सापडलंही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, फाटकावर निळी पट्टी, आडनाव मेश्राम. आपलं घर कोणाचं आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. ‘आपल्या घरचं धान यायले चालत नसन,’ तो स्वतःशीच म्हणाला. असं समजायला त्याच्या आयुष्यात पुरावे कमी नव्हते, त्यामुळे आणखी एक मानून घ्यायला वेळ लागला नाही. राग आला, आणि एकट्या माणसाला रागाचीही सोबत होते. तो राग त्यानं चांगला जपला.

पण माणूस मोठा चमत्कारिक प्राणी. राग जपता जपता त्याच माणसानं पोरांसाठी शेती करायला घेतली. घराला लागून एक रिकामा प्लॉट होता, मालक रायपूरला, त्याला प्लॉटची आठवण वर्षातून एकदा यायची. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी तुंबायचं आणि डासांचं राज्य असायचं. धोंडबानं तिथली झुडपं काढली, मातीचे धुरे, म्हणजे बांध, घातले आणि दोन चटया अंथरता येतील एवढ्या जागेत धान लावलं. विकतचं धान पोरांना काय कौतुकाचं, आपल्या हातचं असलं तर कदाचित येतील, असं त्याला वाटलं. बायको गेलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते त्यालाच ठाऊक. तीन हंगाम झाले. दर वर्षी निघतं ते मोठ्या दोन टोपल्यांपेक्षा जास्त नाही, पण दाणा भरलेला असतो.

धानाशी त्याची ओळख जुनी होती. जन्म भंडारा जिल्ह्यातला, धानाच्या बांधीत चिखल तुडवत वाढलेला. बांधी मात्र दुसऱ्याची. त्याची आजी येसकराची बायको, रोज संध्याकाळी टोपलं घेऊन गावात दारोदार उभी राहायची आणि उरलंसुरलं अन्न गोळा करायची. लोक वरून टाकायचे, ती खालून झेलायची. छप्पन्न साली बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि पहिलं काम त्यानं हे केलं की ते टोपलं चुलीत घातलं. ‘हात राबाले असते, पसराले नाही,’ हे त्याचं वाक्य धोंडबानं इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला ते अक्षरओळखीच्या आधी पाठ झालं. त्या वाक्यावरच तो शिकला, चौऱ्याहत्तर साली भिलाईच्या कारखान्यात लागला, कोक ओव्हनच्या धगीत छत्तीस वर्षं राबला आणि नोकरीत असतानाच सेक्टर सहाच्या क्वार्टरमधून स्वतःच्या घरात आला. बापाचं वाक्य खोटं नव्हतंच कधी.

स्वतःचं घर म्हणजे कोहक्यातला हा प्लॉट. सत्त्याऐंशी साली इथं प्लॉट म्हणून काही नव्हतं, खुंट्या ठोकलेलं एक शेत होतं. मालक बाबुलाल. त्याच्या बापाची जमीन तळ्यापासून वडापर्यंत होती. वरची पिवळी माती, खालची काळी, मधे त्यांचं कोठार, म्हणजे मळणीचं अंगण. कारखाना उभा राहिला तशी आजूबाजूची गावं त्याच्या पोटात गेली. कोहका राहिला, पण कारखान्यातल्या लोकांना घरं हवी होती आणि बाबुलालच्या भावांना मोटारसायकली. शेत कोपऱ्याकोपऱ्यानं विकलं गेलं. धोंडबानं घेतला तो पहिला कोपरा.

घर बांधत असताना पावसाळ्यात एक दिवस त्यानं पाहिलं, बाबुलाल उभ्या पिकात नांगर घालत होता. हिरवंगार, वीतभर आलेलं धान, आणि हा बैल घेऊन त्यातून चाललेला. धोंडबा सायकल टाकून धावला. त्याला वाटलं, भाऊ सकाळीच दारू लावून आला. बाबुलाल हसला आणि म्हणाला, ही बियासी. आमच्याकडं असंच करतात. तण मरतं, धान चार दिवस आडवं पडतं आणि मग दुप्पट जोरानं उठतं. भंडाऱ्याकडं एकेक रोप लावून रोवणी करणाऱ्या माणसाला हे पटणं कठीण होतं. तो चार दिवसांनी मुद्दाम बघायला गेला. धान उठलं होतं.

आता ते कोठार म्हणजे लग्नाचा हॉल झाला आहे, काळ्या मातीवर कोचिंग क्लास उभा आहे आणि बाबुलाल जाऊन नऊ वर्षं झाली. मागं उरली त्याची बायको भागाबाई, समोरून तिसऱ्या घरात, मुलगा-सून आणि नात प्रेरणा यांच्यासोबत. धोंडबा आणि ती पस्तीस वर्षांचे शेजारी. रस्त्यात भेटली तर ‘राम राम’, ‘जय भीम’, पाणी आलं का, लाइट गेली का. पण या घरची वाटी त्या घरी कधी गेली नाही. कमला वारली तेव्हा भागाबाई आली, दाराशी उभी राहिली, डोळे पुसले आणि गेली. धोंडबानं तिला पाणी विचारलं नाही. ती आपल्या घरचं पाणी पिणार नाही असं त्यानं गृहीत धरलं होतं.

तर त्या सकाळी आठाच्या सुमारास पोरांचा घोळका गल्लीत शिरला. सात-आठ जण, गळ्यात पिशव्या, पुढं प्रेरणा. समोरच्या घरी कालवा, पलीकडच्या घरी कालवा. मग सगळी धोंडबाच्या फाटकाशी आली, आवाज बंद केला आणि शाळेची रांग चालावी तशी पुढं निघाली. धोंडबा खुर्चीतून उठला. चार वर्षांत त्यानं कधी हाक मारली नव्हती, आज तोंडातून निघून गेली.

“बेटी, इधर नहीं आते क्या?”

प्रेरणा थांबली. तिनं सुपाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“दादी बोली है, इस घर में नहीं माँगना.”

“क्यों?”

“पता नहीं. बोली, इनको बुरा लगता है.”

आणि ती पळाली. आपलं धान घ्यायला वाईट त्यांना वाटतं, यावर धोंडबाचा चार वर्षांचा राग उभा होता. वाईट आपल्याला वाटतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो चप्पल न घालताच भागाबाईच्या घरी गेला.

ती अंगणात उन्हाला पाठ देऊन बसली होती, मांडीत धानाची टोपली. दारावर धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर, चिमण्यांसाठी. धोंडबानं फाटकातूनच विचारलं, “भाभी, बच्चों को मेरे घर का मना किया आपने?”

भागाबाईनं डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडं नीट पाहिलं.

“तुमन धान लहुटा दे रहेव, नरेश के ददा,” ती म्हणाली. “छेरछेरा के धान ला कोनो लहुटाथे?”

नरेशच्या बापा, तुम्ही धान परत केलं होतं. छेरछेऱ्याचं धान कोणी परत करतं का? घाव घालणारा विसरतो म्हणतात, पण धोंडबाला ते तिच्या एवढ्या एका वाक्यासरशी आठवलं, आणि सगळं एकदम आठवलं.

नव्वद साल. कोहक्यात राहायला येऊन दोन वर्षं झालेली. रात्रपाळी करून तो झोपला होता. उठला तर नऊ वर्षांचा नरेश दारात, गाल लाल, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत धान.

“कोठून आणलं?”

“मागून आणलं बाबा. सगळेच मागून राहिले.”

“कावून गेला तू? कोणाच्या दारात उभा राहिला?”

पोरानं आनंदानं घरं सांगायला सुरुवात केली. धोंडबाच्या डोळ्यांपुढं मात्र आजीचं टोपलं आलं. त्यानं पोराला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं त्याचं मनगट धरलं आणि ज्या ज्या घरी तो गेला होता त्या त्या घरी त्याला पुन्हा नेलं. प्रत्येक दारी पोरानं पिशवीत हात घालायचा, मूठ भरायची आणि परत द्यायची. धोंडबा मागं उभा राहून म्हणायचा, “हम लोग माँगनेवाले नहीं हैं.” बायका धान हातात घेऊन नुसत्या बघत राहायच्या. कोणी भांडलं नाही. घरी आल्यावर तो छाती काढून कमलाला म्हणाला, “आज पोराले एक धडा देला.” कमला म्हणाली, “सण होता तो. आज गावचा मालगुजारही मागते म्हणतात.” तो म्हणाला, “मागो.” आणि जेवायला बसला.

“हमन सोचेन,” भागाबाई सांगत होती, “हमर घर के अन्न तुमन ला नइ चलय.” आमच्या घरचं अन्न तुम्हाला चालत नाही असं आम्हाला वाटलं. कारखान्याचे लोक, पगारवाले, शिकलेले. आमची जात तुम्हाला हलकी वाटत असेल. म्हणून पोरांना सांगितलं, त्यांच्या दारी जाऊ नका. उगीच त्यांना त्रास नको.

धोंडबाला हसू आलं असतं, पण आलं ते रडू. पस्तीस वर्षं दोन्ही घरं, समोरचं घर स्वतःला वरचं समजतं, असं धरून बसली होती. त्या पस्तीस वर्षांत कमला रोज याच गल्लीतून भाजी घेऊन आली, गेली, सुपातलं धान डब्यात ओतत राहिली आणि शेवटी एकाही शेजारणीच्या मांडीला मांडी न लावता मेली. हे आपण केलं, त्याच्या मनात आलं, जातीनं नाही, या खेपेला आपण केलं. त्याच्या गावात देणारा वर आणि मागणारा खाली उभा असायचा, आणि मागणारा कायम एकच असायचा. इथं आज देणाराच तासाभरानं मागायला निघत होता. बापाचं वाक्य बरोबर होतं. यानं ते भलत्या दिवशी, भलत्या दारात आणि एका लहान पोरावर चालवलं होतं.

माफी मागायची होती. हिंदी तर त्या वेळी साफ पळून गेली. तो फाटकातून आत आला, अंगणात तिच्यासमोर उभा राहिला आणि स्वेटरचा घेर दोन्ही हातांनी पुढं धरला. पंच्याहत्तर वर्षांत तो कोणाच्या दारात असा उभा राहिला नव्हता.

“छेरछेरा, भाभी,” तो म्हणाला.

भागाबाई लगेच उठली नाही. गुडघ्यांवर हात देऊन हळूहळू उठली. टोपलीतलं धान भावाच्या गावाहून, धमध्याकडून, खास या दिवसासाठी आलेलं. तिनं ओंजळ भरली, सांडली तेवढी पुन्हा भरली आणि त्याच्या स्वेटरमध्ये ओतली.

“अब ये ला झन लहुटाहू,” ती म्हणाली. हे आता परत करू नका.

मग तिनं त्याला चहा विचारला आणि तो प्यायला. पस्तीस वर्षांतला तो पहिला चहा. दोघांनाही पुढं काय बोलायचं ते कळलं नाही, त्यामुळे पाणी आलं का, लाइट गेली का, एवढंच बोलणं झालं. उशिरा आलेला शेजार असाच असतो, त्यात बसायला जागा असते पण बोलायला माणसं उरलेली नसतात. कमलाला हे सांगायला हवं होतं. ते आता कसं सांगणार?

घरी येऊन त्यानं ते धान वेगळ्या ताटलीत ठेवलं आणि नरेशला फोन लावला. नरेश बडोद्याला एका कारखान्यात फोरमन. दर रविवारी फोन करायचा. जेवले का, गोळी घेतली का, ठेवतो. सोमवारी सकाळी बापाचा फोन पाहून तो दचकला.

“बाबा? सब ठीक?”

“ठीक हाय. आज मी छेरछेरा मागाले गेलतो.”

पलीकडून मशीनचा आवाज येत राहिला. मग एक दार लागलं आणि तो आवाज बारीक झाला.

“कोणाकडं?”

“भागाबाईकडं. ओंजळभर देलं तिनं.”

धोंडबानं ताटलीतलं धान बोटानं सारखं केलं.

“अकरा घरं होती बाबा,” नरेश म्हणाला.

“तुले याद हाय?”

“लाइनीनं याद हाय. पहिलं बाबुलालकाकाचं. मग त्यायच्या भावाचं. मग विहिरीजवळचं, मग ज्यायच्याकडं गाय होती थे.” तो थांबत थांबत सांगत गेला, आणि धोंडबा कानाला फोन दाबून ऐकत राहिला. “शेवटचं तळ्याच्या पारीवरचं. एक आजी होती, एकटीच राहे. तिनं माह्या हातातून धान वापस घेतलं नं, तवा मुठीत गुळाचा खडा ठेवला. तुमाले दिसलं नाही, तुमी तोंड फिरवून उभे होते. मी थो मुठीत दाबून घरी आणला.” त्याचा आवाज बदलला. “थो एक मी वापस नाही केला बाबा.”

धोंडबाच्या तोंडून निघालं ते एवढंच, “मले सांगतलं कावून नाही?”

“तुमाले कोण सांगन,” नरेश म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच धोंडबाला जास्त लागलं. “चला, साहेब आवाज देऊन राहिला. गोळी घेतली का?”

“घेतली.”

त्यानं फोन ठेवला. दहा वाजायला आले होते. पोरांचा कालवा आता दूर, वैशाली नगरच्या बाजूला गेला होता. मग त्यानं फळीवरून कमलाची बाजाराची कापडी पिशवी काढली आणि चप्पल घातली. सूप उंबऱ्यावर ठेवलं आणि दार उघडंच टाकलं, मागून कोणी आलंच तर घेऊन जावं म्हणून.

बाकीच्या दहा घरांपैकी किती उरली असतील ते त्याला माहीत नव्हतं. विहीर बुजून पंधरा वर्षं झाली होती आणि गाय कोणाकडंच नव्हती. पण ती घरं त्यानं नंतरसाठी ठेवली आणि आधी तळ्याकडं गेला, शेवटच्या घरी. आजीच्या घराच्या जागी तीन मजली इमारत होती, खाली कुलूप लावलेलं चॅनेल गेट, आत चार मोटारसायकली. त्यानं गेट वाजवलं आणि मोठ्यानं आरोळी दिली. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि ओले केस पुसत एका तरुण बाईनं खाली पाहिलं.

“कौन चाहिए, अंकल?”

कोण पाहिजे ते धोंडबाला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यानं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून वर धरलं आणि पुन्हा एकदा म्हटलं, “छेरछेरा.”